आधी नमन, मग टवाळी

२०२४ च्या दिवाळीत घरी गेलो होतो तेव्हाची गोष्ट. घरी म्हणजे अंबाजोगाईजवळच्या आमच्या गावी, बीड जिल्ह्यात. (पुण्यातल्या हापिसात हे सांगितलं की हल्ली समोरचा दोन सेकंद गप्प होतो. त्याबद्दल पुढे.) जेवणं झाली होती, आबा म्हणजे माझे आजोबा खाटेवर आडवे झाले होते. मला काय हुक्की आली कोण जाणे, मी मोबाइल टीव्हीला जोडला आणि त्यांना एका स्टॅंडअपवाल्याचा व्हिडिओ लावून दिला.

आता आमचे आबा म्हणजे काय चीज आहे ते आधी सांगतो. गळ्यात तुळशीची माळ, आषाढीला पंढरपूर चुकत नाही, गोपीनाथराव मुंडे रेणापुरातून लढायचे तेव्हापासून मत कमळाला. सुनांच्या डोक्यावरचा पदर ढळलेला त्यांना दिसतो, पण न दिसल्यासारखं करतात. हा त्यांचा उदारमतवाद! म्हणून व्हिडिओसुद्धा मी विचारपूर्वक निवडला होता. टिंगल होती ती आबांना न आवडणाऱ्या पक्षाच्या नेत्याची. म्हटलं, आता तरी हसतील.

चार मिनिटं त्यांनी शांतपणे बघितलं. मग मला म्हणाले, "ह्ये पोरगं हसवायलंय का भांडायलंय?"

आणि रिमोट घेऊन त्यांनी यूट्यूबवर 'चला हवा येऊ द्या'चा जुना भाग लावायला सांगितला. भाऊ कदम नऊवारी नेसून आला, अजून तोंडही उघडलं नव्हतं आणि आबा खोकला लागेपर्यंत हसले. बरं, त्या स्किटमध्ये पुढारी होता, त्याची लाचखोरी होती, खोटी आश्वासनं होती. म्हणजे माल साधारण तोच. मग एक चालतं आणि दुसरं का चालत नाही?

हा किडा डोक्यात घुसला आणि पुढचे कितीतरी वीकांत मी त्यावर घालवले. (रिलीजच्या आधीच्या आठवड्यातले सुद्धा. आमच्या पीएलने हे वाचू नये.)

पहिल्यांदा अर्थातच आंतरजालावर शोधलं आणि अमेरिकेत जाऊन पोचलो. तिकडे या विषयावर भरपूर लिहिलंय. सर्वसाधारण समज असा, की टीव्हीवरची राजकीय टिंगल ही डाव्या-उदारमतवादी लोकांची मक्तेदारी, उजव्यांना ती जमत नाही आणि भावतही नाही. पुरावा म्हणून फॉक्स न्यूजचा 'हाफ अवर न्यूज अवर' दाखवतात. २००७ मध्ये मोठ्या अपेक्षेने काढलेला कार्यक्रम, सतरा भागांत गुंडाळला. त्याहून मजेदार प्रकरण स्टीफन कोलबेअरचं. हा माणूस 'कोलबेअर रिपोर्ट'मध्ये उजव्या विचारांच्या अँकरचं सोंग घेऊन उजव्यांचीच खिल्ली उडवायचा. २००९ मध्ये काही संशोधकांनी प्रेक्षकांचा अभ्यास केला. उदारमतवाद्यांना तो विनोदी वाटत होता आणि उजव्यांनाही तितकाच विनोदी वाटत होता! फक्त उजव्यांपैकी अनेकांचं मत होतं की हा विनोद करायचं नाटक करतोय, बोलतोय ते मनापासून.

हे वाचून मी चक्रावलो. म्हणजे उजव्या प्रेक्षकाला विनोद कळत नाही हे खोटंच. तो हसतो. फक्त समोरचा आपल्या आत उभा राहून बोलतोय की बाहेरून दगड मारतोय, हे तो आधी बघतो. तिकडेच 'ही हॉ' नावाचा कार्यक्रम होता, १९६९ मध्ये सुरू झालेला. गवताचे भारे, मक्याचं शेत, खेडवळ चुटकुले. शहरी जाहिरातदारांना गावंढळ कार्यक्रम नकोत म्हणून सीबीएसने १९७१ मध्ये तो बंद केला, तर निर्मात्यांनी गावोगावच्या केंद्रांना थेट विकून तो आणखी वीसेक वर्षं चालवला. त्यात चुटकुल्यांच्या जोडीला भजनंही असायची. हे वाचलं आणि एकदम ट्यूब पेटली. अरे, ही भानगड तर आपल्याकडे चारशे वर्षं जुनी आहे!

तर चला परत गोदावरीकाठी. बीड जिल्ह्याच्या उत्तरेची हद्द म्हणजे गोदावरी, आणि पलीकडच्या तीरावर पैठण. तिथले एकनाथ सोळाव्या शतकातले. (आमच्या अंबाजोगाईच्या दासोपंतांचे समकालीन. दासोपंतांनी एका लांबच लांब कापडावर अख्खा ग्रंथ लिहिलाय, ती पासोडी अंबाजोगाईत आहे. आलात तर जरूर बघा. असो.) एकनाथांची भारुडं आपण शाळेत 'संतवाङ्मय' म्हणून शिकतो आणि तिथेच घोटाळा होतो. कारण भारूड ही बघायची गोष्ट आहे. त्यात वासुदेव येतो, जोशी येतो, गोंधळी येतो, वेडा, आंधळा, सासूला वैतागलेली सून येते. एकेक पात्र येतं, पाच-दहा मिनिटं धमाल करतं, जातं. याला इंग्रजीत स्केच म्हणतात! आमच्या गावच्या सप्ताहात एक मिशीवाले गृहस्थ लुगडं नेसून भारुडाला उभे राहायचे आणि पहिल्या रांगेतल्या सरपंचाची अब्रू काढायचे. सरपंच हसायचा. कारण वर विठ्ठलाचा फोटो, हातात टाळ आणि शेवटी सगळ्याचा अर्थ परमार्थाला नेऊन जोडलेला.

तमाशातही तेच. आधी गण, म्हणजे गणपतीला नमन. मग गवळण. त्यात मावशी आणि पेंद्या प्रत्यक्ष कृष्णाची जी काही फिरकी घेतात ती आजच्या एखाद्या वाहिनीवर घेतली तर पोलिसात तक्रार होईल. त्यानंतर बतावणी, मग वग. हा क्रम कुणी उगाच लावलेला नाही. आधी नमन झालं की प्रेक्षकाला खात्री पटते, हा आपल्यातला आहे. मग त्याला थोडं वेडंवाकडं बोलायची मुभा मिळते. आमच्या भाषेत सांगायचं तर आधी लॉगिन, मग परवानग्या.

हा साचा पुढे सगळ्यांनी वापरला. सत्यशोधकांनी जलसे काढले, आंबेडकरी चळवळीने काढले, आणि त्यांनी गण-गवळणीतला आशयच बदलून टाकला. उलट बाजूने, स्वातंत्र्याच्या सुमारास तमाशा फार अश्लील झाला म्हणून मुंबई सरकारने आधी बंदी घातली आणि मग सुधारणेसाठी दत्तो वामन पोतदारांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्यातून आणि राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकांमधून 'लोकनाट्य' नावाचा धुतलेला, घरच्या बायामाणसांसोबत बघता येईल असा अवतार पुढे आला. पुलंनी सेवा दलासाठी 'पुढारी पाहिजे' लिहिलं ते याच काळात.

सेवा दल म्हणजे समाजवादी मंडळी. त्यांच्या कलापथकात तयार झालेला एक पोरगा होता कृष्णा कोंडके. तोच पुढे दादा. वसंत सबनीसांचं 'विच्छा माझी पुरी करा' १९६५ चं. कोतवालाची रिकामी जागा कुणाला मिळणार याभोवती फिरणारं लोकनाट्य. दादा त्यात हवालदार, आणि रोजच्या पेपरातली बातमी रात्री त्यांच्या तोंडी. त्यांनी याचे दीड हजाराच्या वर प्रयोग केले. राज्य काँग्रेसचं, टिंगल काँग्रेसच्या राज्याची, आणि समोर हसणाऱ्यांत निम्मे काँग्रेसलाच मत देणारे!

मग १९७१ मध्ये 'सोंगाड्या' आला. दादरच्या कोहिनूर थिएटरात देव आनंदचा 'तेरे मेरे सपने' लागत होता, दादांना जागा मिळेना. शिवसेना रस्त्यावर उतरली आणि 'सोंगाड्या' लागला. हा प्रसंग मला फार महत्त्वाचा वाटतो. बाळासाहेब ठाकरे स्वतः व्यंगचित्रकार, 'मार्मिक' १९६० चं. म्हणजे विनोद हीच ज्या पक्षाची पहिली भाषा होती, त्याने समाजवाद्यांच्या तालमीत घडलेला सोंगाड्या उचलून आपला केला. दादा पुढे सेनेच्या प्रचाराला गावोगाव फिरले. विनोद तोच, चड्डीची नाडीही तीच. माणूस कुंपणाच्या या बाजूला आला, एवढंच.

आणि हे सगळं ज्याला नीट उलटं जमलं तो 'घाशीराम कोतवाल'. डिसेंबर १९७२. यातही गणपतीचं नमन आहे, नाच आहे, लावणी आहे, कोतवालसुद्धा आहे. पण सबनीसांचा राजा बिननावाचा होता आणि तेंडुलकरांनी थेट नाना फडणवीसांचं नाव घेतलं. नमनाच्या रांगेत उभे राहिलेले पुण्याचे ब्राह्मणच पुढे भिंत होऊन आरोपी बनतात. पुण्यात केवढा गदारोळ झाला! संस्थेने प्रयोग थांबवले, कलाकारांनी बाहेर पडून थिएटर ॲकॅडमी काढली. नाटक म्हणून 'घाशीराम' थोरच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण परंपरावादी प्रेक्षकाचा संताप का झाला हे मला आता जास्त नीट कळतं. त्याला आधी नमस्कार केला आणि वाकल्या वाकल्या पाय ओढला.

टीव्हीचा मधला काळ भरभर सांगतो. मुंबई दूरदर्शन १९७२ चं, त्यावर विनायक चासकरांचा 'गजरा'. छान, स्वच्छ, सुशिक्षित विनोद. पण तो दादर-पार्ल्याचा. आमच्याकडचा खरा विनोद तेव्हा कॅसेटमध्ये होता: औरंगाबादच्या प्रा. लक्ष्मण देशपांड्यांचं 'वऱ्हाड निघालंय लंडनला'. आमच्याच बोलीत आमचीच फजिती. (आता हा प्रयोग करणारे संदीप पाठक आमच्या जिल्ह्यातल्या माजलगावचे, हे कॉलर ताठ करून सांगतो.) मग खासगी वाहिन्या आल्या, २०१० मध्ये 'फू बाई फू' आलं.

आणि मग २०१४. हे वर्ष लक्षात ठेवा. जूनमध्ये दिल्लीत अपघातात मुंडेसाहेब गेले. आमच्या गावात त्या दिवशी चूल पेटली नाही. ऑगस्टमध्ये झी मराठीवर 'चला हवा येऊ द्या' सुरू झालं. ऑक्टोबरच्या पोटनिवडणुकीत प्रीतम मुंडे जवळपास सात लाखांच्या फरकाने निवडून आल्या. आणि डिसेंबरमध्ये मुंबईतच वरळीला एआयबीचा तो प्रसिद्ध 'रोस्ट' झाला, ज्याचा व्हिडिओ नंतर काढून टाकावा लागला आणि ज्याच्यावर गुन्हे दाखल झाले. एकाच शहरात, चार महिन्यांच्या अंतराने, दोन विनोद. एक आबांच्या खाटेपर्यंत पोचला आणि दुसरा कोर्टात.

रोस्टमध्ये शिव्या होत्या हे कारण अगदीच वरवरचं. आमच्या गावात पारावर जे बोललं जातं त्यापुढे तो रोस्ट म्हणजे बालवाडी. मुद्दा क्रमाचा आहे. निलेश साबळे सुरुवातीला हात जोडतो, ज्येष्ठ कलावंत आले की पाया पडतो. हा झाला गण. मग पाहुण्यांची फिरकी, ही गवळण. भाऊ कदम किंवा सागर कारंडे लुगड्यात, ही तर सरळसरळ मावशी. भारत गणेशपुरेंची वऱ्हाडी, कुशल बद्रिकेचा आगाऊपणा, श्रेया बुगडेच्या नकला, ही बतावणी. आणि शेवटी पोस्टमन.

पोस्टमनची पत्रं ज्यांनी ऐकली नाहीत त्यांना सांगायला हवं. हसून हसून मुरकुंडी वळल्यावर सागर कारंडे खाकी कपड्यात यायचा आणि एक पत्र वाचायचा. शेतकऱ्याचं, सैनिकाच्या घरचं, म्हाताऱ्या आईबापाचं. बघता बघता स्टुडिओ रडायला लागायचा. ती पत्रं लिहिणारे अरविंद जगताप आमच्या बीडचे. सयाजी शिंद्यांबरोबर त्यांनी २०२० मध्ये बीडजवळ पालवणच्या डोंगरावर वृक्षसंमेलन भरवलं होतं, तेच हे.

माझे पुण्यातले मित्र या पत्रांना नाकं मुरडायचे. "विनोदी कार्यक्रमात हे इमोशनल ब्लॅकमेल कशाला?" मीही मुरडायचो. आता वाटतं, त्या पत्रांमुळेच तर सगळं चाललं. भारुडाच्या शेवटी परमार्थ यावा तसं ते पत्र यायचं आणि आधीच्या तासाभराच्या टवाळीला घरात बसायची परवानगी मिळायची. आणि गंमत बघा, त्या पत्रांत जे असायचं ते स्किटपेक्षा किती कडक! दुष्काळ, कर्ज, हुंडा, आत्महत्या, पुढाऱ्यांची बेपर्वाई. हीच वाक्यं स्टॅंडअपवाल्याने म्हटली असती तर आबांनी चॅनल बदललं असतं. पोस्टमन बोलला तेव्हा ते उपरण्याने डोळे पुसत बसले.

म्हणून 'गावच्या लोकांना फक्त नवरा-बायकोचे विनोद लागतात' असं म्हणणाऱ्या वाहिनीवाल्यांचा मला राग येतो. प्रेक्षकाची पचनशक्ती मोठी आहे. शतकानुशतकं कृष्णाची फिरकी पचवलेला प्रेक्षक आहे तो. त्याला बायकोच्या लाटण्याचा तोच तो विनोद वाढायचा आणि वर 'पब्लिक डिमांड' म्हणायचं, ही निव्वळ लेखकाची आळशी कामं.

अर्थात या सगळ्याची किंमत आहेच आणि ती कुणी भरली हेही लिहायला हवं. हा पेच मला अजून सुटलेला नाही. घरात परवानगी मिळालेल्या विनोदात मार खाणारं पात्र ठरलेलं असतं: जाडी बाई, काळी बाई, बोलणारी सून, फॅशन करणारी पोरगी. आमच्याकडे कीर्तनात इंदुरीकर महाराज उभे राहिले की हजारोंचा मांडव पोट धरून हसतो. माणूस ताकदीचा विनोदकार आहे, टायमिंग असं की भल्याभल्यांनी शिकावं. पण त्या हशाचा निम्मा माल पोरींचे कपडे, पोरींचे मोबाइल. २०२० मध्ये मुलगा-मुलगी होण्याबद्दलच्या त्यांच्या वक्तव्यावरून वाद झाला आणि त्यांनी दिलगिरी व्यक्त केली. तेव्हा मांडवातल्या लोकांना तो वाद म्हणजे शहरी लोकांचा कांगावा वाटला. मला मात्र २०११ च्या जनगणनेतला आकडा आठवत होता. बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे मुली जेमतेम आठशे, राज्यात सगळ्यात कमी. आमच्या वर्गात मुलींचा एकच बाक होता. आम्हाला त्यात काही विचित्र वाटलं नव्हतं.

सोनी मराठीची 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' २०१८ पासून चालू आहे, आई-आबा दोघांची लाडकी. प्राजक्ता माळी तिची सूत्रसंचालक. डिसेंबर २०२४ मध्ये आष्टीच्या आमदारांनी परळीबद्दल बोलताना तिचं नाव घेतलं. तिने पत्रकार परिषद घेऊन जाहीर निषेध केला, महिला आयोगाकडे तक्रार केली, आणि आमदारांना दिलगिरी व्यक्त करावी लागली. त्या आठवड्यात आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जे फॉरवर्ड फिरले ते बघून आई एवढंच म्हणाली, "रोज जेवताना बघता की रे तिला." कुणी उत्तर दिलं नाही.

आणि काही ठिकाणी नमनाचाही उपयोग होत नाही. मार्च २०२५ मध्ये कुणाल कामराच्या एका विडंबनगीतावरून खारचा स्टुडिओ फोडला गेला. कामराचं सोडा, तो तर कुंपणाबाहेरचाच. पण २०२० मध्ये 'चला हवा येऊ द्या'वाल्यांनाही राजर्षी शाहू आणि सयाजीराव महाराजांच्या फोटोत फेरफार केला म्हणून माफी मागावी लागली होती. इतकी वर्षं पाया पडून सुद्धा.

आता ते दोन सेकंदांचं. ३० ऑक्टोबर २०२३ ला आरक्षणाच्या आंदोलनात बीड आणि माजलगावला आमदारांची घरं जळली. २०२४ च्या लोकसभेत पंकजा मुंडे साडेसहा हजार मतांनी हरल्या, म्हणजे दहा वर्षांपूर्वी सात लाखांचा फरक असलेल्या मतदारसंघात. डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगच्या सरपंचाचा, संतोष देशमुखांचा खून झाला. टीव्हीवर रोज बीड. हापिसात एकजण मला म्हणाला, "तुला कोड रिव्ह्यूमध्ये नाही म्हणायची भीतीच वाटते यार." सगळे हसले, मीही हसलो. विनोद वाईट नव्हता. पण मला त्या दिवशी आबांचा प्रश्न आठवला, हसवायलंय का भांडायलंय.

शेजारचे नाना रोज रात्री आमच्याकडे टीव्ही बघायला यायचे. त्यांच्या घरी टीव्ही होता, तरी. आबा एका समाजाचे, नाना दुसऱ्या. हे मला कॉलेजला जाईपर्यंत माहीत नव्हतं. २०२४ च्या निवडणुकीनंतर नाना यायचे बंद झाले. भांडण नाही, काही नाही. फक्त येईनात. ज्या रात्री मी तो व्हिडिओ लावला, त्या रात्रीही खाटेशेजारची खुर्ची रिकामीच होती. भाऊ कदमला बघून आबा हसले तेव्हा मधेच त्यांनी सवयीने उजवीकडे बघितलं होतं.

जुलै २०२५ मध्ये 'चला हवा येऊ द्या' पुन्हा सुरू झालं, सूत्रसंचालक नवा, अभिजीत खांडकेकर. पहिल्या शनिवारच्या दुसऱ्या दिवशी मी घरी फोन केला.

"आबा, बघितलं का?"

"बघितलं की."

"कसं होतं?"

"बरं हाय. पोरं नवीन हायती, शिकतील." मग जरा थांबून म्हणाले, "नाना आला होता."

"काय सांगता! मग?"

"मग काय. अर्ध्यातच लाईट गेली."

"अरेरे. मग गेले का नाना?"

"न्हाई. बसलो की दोघं. अंधारातच."